महिन्याला बारा चुका

सकाळी सव्वानऊला पाणीपुरवठा कार्यालयाची जोडणी-खिडकी उघडायची आणि मागे बाई बसलेल्या दिसायच्या. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानामागे, टेबलाच्या कडेला पांढऱ्या खोडरबरांची छोटीशी रास. तोंडावर सगळे त्यांना बाई म्हणत, पाठीमागे खोडरबरबाई. बाईंना हे ठाऊक होतं आणि राग येण्यासारखं त्यात त्यांना काही दिसत नव्हतं. तीस वर्षं त्या नळजोडण्यांच्या नोंदी करत होत्या. नोंद आधी पेन्सिलीने; दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं ताजं असताना, पुन्हा वाचून मग शाईने. या नियमापायी त्यांनी चार साहेबांची बोलणी खाल्ली होती आणि चारही साहेब बदलून गेले होते.

नियमामागे एक बादली होती.

नोकरीचं ते चौथं वर्ष. शहराला पाण्याच्या दोन टाक्या. वरची टेकडीवर, खालची बाजारामागे. वरचीचं पाणी सकाळी सुटायचं, खालचीचं संध्याकाळी. कुठली गल्ली कुठल्या टाकीवर हे नोंदवहीत असे आणि त्यावरून चावीवाल्याला आठवड्याचा तक्ता मिळे. चावीवाला म्हणजे रस्त्यातली लोखंडी झाकणं उचलून माणसाएवढ्या उंच चावीने खालचे व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. बाईंनी घाईघाईत एका गल्लीपुढे ‘खालची’ऐवजी ‘वरची’ लिहिलं. झालं. चावीवाला सकाळी वरचीचा व्हॉल्व्ह उघडत राहिला, जिथून त्या गल्लीला नळीच गेलेली नव्हती. आणि संध्याकाळच्या तक्त्यात ती गल्लीच नव्हती. अकराव्या दिवशी तिथली एक धुणंवाली रिकामी बादली घेऊन आली, खिडकीसमोर पालथी घातली, तिच्यावर बसली आणि एक शब्द बोलली नाही. दुपारी अडीचपर्यंत. ती भांडली असती तर बाईंनीही उलट चार शब्द ऐकवले असते आणि विसरून गेल्या असत्या. ती नुसती बसून राहिली.

पुढच्या शनिवारी चार वाजता खिडकी बंद झाल्यावर बाईंनी पिशवीतून एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर आपली चूक लिहिली आणि खोलीतल्या पाच जणांना वाचून दाखवली. मग म्हणाल्या, “चहा मागवते. अजून कोणाला काही सांगावंसं वाटलं तर सांगा.”

कोणाचा हुकूम नव्हता, कोणाची परवानगी घेतलेली नव्हती. नियम तीन. चूक स्वतःचीच सांगायची. वहीत नाव न घालता, काय चुकलं आणि पुढच्या वेळी ते कसं पकडायचं एवढंच लिहायचं. आणि ऐकणाऱ्याने ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ असं म्हणायचं नाही. हा तिसरा पाळणं सगळ्यांना जड गेलं.

पहिले दोन महिने नुसता चहा झाला. मग एके शनिवारी मीटर वाचणारा कपात बघत म्हणाला, गेलं वर्षभर आपण एका घराचा म्हणून शेजारच्या घराचा मीटर वाचतोय. त्याचं ऐकून चावीवाल्याला कंठ फुटला. शाळेजवळचा जुना व्हॉल्व्ह उलटा फिरतो. उघडतोय समजून त्याने तो दोनदा बंद केला होता. सोमवारी त्या झाकणाला लाल रंग लागला. अशाच लहान लहान गोष्टी. पण दोन-तीन वर्षांत खिडकीवरच्या तक्रारी इतक्या आटल्या की वरच्या कार्यालयाला संशय आला, ही माणसं तक्रारी फाडून टाकतात की काय, आणि चौकशीला एक हडकुळा तरुण अधिकारी आला.

तो एका दिवसासाठी आला आणि लागोपाठ तीन शनिवार बसला. शेवटच्या शनिवारी त्याने वही डोळ्यांसमोर धरली. “बाई, हे सोनं आहे.”

“वही आहे साहेब,” बाई म्हणाल्या. “रस्त्यापलीकडच्या दुकानातली.”

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या अधिकाऱ्यात धडाडी होती. त्याने आधी परिपत्रक काढवलं. मग प्रत्येक कार्यालयातून चुका येऊ लागल्या म्हणून त्या वाचायला दोन माणसं लागली. वाचलेल्या चुकांची वर्गवारी करायला चार. ज्यांच्या येत नाहीत त्यांना पत्रं पाठवायला तीन. त्या पत्रांच्या उत्तरांना उत्तरं द्यायला एक स्वतंत्र टेबल. आधी कक्ष होता, मग विभाग झाला, बाराव्या वर्षी संचालनालय. तीन मजली इमारत, लिफ्ट, आणि त्या हडकुळ्या अधिकाऱ्याचे झालेले, आता चांगले भरलेले संचालकसाहेब. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. बाईंना सर्वांत जास्त वैताग याचाच यायचा. दोष द्यायला एक धड दुष्ट माणूससुद्धा मिळत नव्हता.

त्यांची मूळ वही संचालनालयाच्या सभागृहात काचेच्या पेटीत गेली, शेजारी त्यांचा फोटो लागला. पेटीची चावी भांडारपालाकडे. बाईंना एकदा एक जुनी नोंद बघायची होती, तर अर्ज करा म्हणाले. ऑफिसात वहीच्या छायाप्रती उरल्या, दोऱ्याने बांधलेल्या.

मग आला बाराचा आकडा. बाईंच्या वहीत कुठल्याशा एका वर्षी महिन्याला सरासरी बारा चुका भरल्या होत्या. तेच प्रमाण ठरलं. बाराच्या खाली गेलात तर लपवता, वर गेलात तर निष्काळजी. दर महिन्याच्या पाच तारखेला बारा चुका, तीन प्रतींत, बाईंच्या सहीने.

“आणि चुका झाल्याच नाहीत तर?” बाईंनी फोनवर विचारलं होतं.

पलीकडून उत्तर आलं, “असं आजवर कुणी कळवलेलं नाही.”

खऱ्या चुका आता कोणी सांगेना. नाव घालायचं नाही हा नियम फॉर्ममध्ये बसला नव्हता. तिथे नाव, पद आणि कर्मचारी क्रमांक असे तीन रकाने होते. शेवटी बाराची भरती शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने अंगावर घेतली. पन्नाशीचा, दोन मुलींचा बाप, कविता करणारा आणि त्या कोणाला न दाखवणारा. त्याच्या चुका इतक्या रंगत की बाईंनी त्याचं नाव कादंबरीकार ठेवलं. एकदा त्याने लिहिलं, मीटर वाचणाऱ्याच्या मागे कुत्रं लागल्याने आकडा चुकला. वरून पत्र आलं, कुत्रं पाळीव होतं की भटकं ते कळवावं. कादंबरीकाराने कळवलं. आधी बाई त्याच्या चुका वाचून सही करत. मग वरवर चाळून करू लागल्या. मग नुसतीच सही. नोंद दोनदा वाचणाऱ्या बाई त्या कागदाला मात्र हात लावायलाही कंटाळत.

घरी त्यांचा नवरा पुढच्या खोलीत शिवणाची दोन मशीनं मांडून बसे. बाईंचं ऐकता ऐकता तो दाताने दोरा तोडायचा आणि म्हणायचा, “शिवण चुकली तर मी उसवतो. तुमच्याकडे उसवायला वेगळा शिंपी, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला तिसरा.”

“तुम्ही मशीनकडे बघा,” बाई म्हणायच्या. पण त्याचं म्हणणं दिवसभर डोक्यात फिरत राहायचं.

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. एका सोमवारी रात्रीची जेवणं चालू असताना धाकट्या जावेचा फोन आला. ती छापखान्यामागच्या गल्लीत राहायची. दीर पंधरा दिवसांपूर्वी जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडून घेऊन बसले होते, म्हणजे झोपलेच होते.

“ताई, आज संध्याकाळी पाणी आलं नाही. काहीतरी गडबड आहे तुमच्या ऑफिसात.”

“अगं, एखादा दिवस होतं असं. उद्या येईल.”

“मला नाही वाटत. सगळ्या गल्लीला नाही.”

“आमच्याकडे असल्या चुका होत नाहीत आता,” बाई म्हणाल्या आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

बुधवारी जावेने पुन्हा फोन केला. आवाज एकदम थंड. “ताई, तिसरा दिवस. यांना अंथरुणातच पुसून काढावं लागतं, दिवसाला चार बादल्या लागतात. मी चौकातून आणतेय, एका खेपेला एक. तुमचा फोटो कुठेतरी लागलाय ना, त्या फोटोला विचारून सांगा पाणी कधी येणार.”

गुरुवारी बाई नऊलाच ऑफिसात पोचल्या. नव्या तक्त्यात छापखान्यामागची गल्ली सकाळच्या फेरीत होती. वरच्या टाकीवर. नोंदवही काढली तर ‘खालची’ हा शब्द लाल शाईने खोडून वर ‘वरची’ लिहिलेलं आणि समासात संचालनालयाचा दुरुस्ती आदेश क्रमांक. दुरुस्ती सोमवारपासून लागू, वरून आलेल्या माणसाने परस्पर करून टाकलेली.

चावीवाला गेटपाशी सायकलला चावी बांधत होता.

“तुला कळलं नाही का रे? त्या गल्लीला वरचीची नळीच नाही.”

“पहिल्याच सकाळी कळलं, बाई. व्हॉल्व्ह फिरवला, नळीत आवाजसुद्धा नाही.”

“मग संध्याकाळी खालची उघडायची.”

“मागच्या वेळी तक्त्याबाहेर उघडला तेव्हा पंधरा दिवस घरी बसवलं होतं. तुम्हीच आला होतात भेटायला.” त्याने दोरीची गाठ आवळली. “माझ्या हातात चावी आहे बाई, सही नाही. मला कोणाचीही सही असलेला कागद द्या.”

बाई आत आल्या, फायलीतून तो आदेश काढला आणि कादंबरीकाराच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. त्याने त्यांच्याकडे बघितलं, मग आदेशाकडे, आणि चष्मा काढून ठेवला.

“बारावी सुचेना,” तो म्हणाला. “चार तारीख होती. अकरा झाल्या होत्या. मग तुमच्या वहीचं पहिलं पान घेतलं. तीच चूक, फक्त उलटी केली आणि गल्ली बदलली. म्हटलं, जुनीच आहे, कोण बघतंय.”

“त्यांनी बघितली.”

“दर महिन्याला बारा पाठवतो बाई, आजवर एकीवरही कोणी काही केलेलं नाही.” त्याचा आवाज अगदी बारीक झाला. “हीच कशी नेमकी दुरुस्त केली?”

बाईंनी आदेशामागे जोडलेला बारा चुकांचा कागद पुढे घेतला. खाली त्यांची सही होती. ठसठशीत, शाईची.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली आणि संचालनालय गाठलं. संचालकसाहेब स्वतः उठून दारापर्यंत आले. “बाई, तुम्ही बाहेर कशाला बसलात? उद्याची तयारी चाललीय. वरून पाहणीला मंडळी येणार आहेत आणि सत्कार तुमचा आहे, कळलं ना?”

बाईंनी सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. ऐकण्यात ते पहिल्यापासून चांगले होते.

“आदेश मागे घ्या, साहेब.”

“दुरुस्ती मागे घ्यायची तरतूद नाही. दुरुस्ती म्हणजे शेवटचं टोक.”

“मग चूक म्हणून नोंदवा. जागेवर न जाता आदेश काढला. चूक तुमच्या कार्यालयाची.”

साहेब हसले, अगदी मनापासून. “आमच्याकडे चूक नोंदवायचा फॉर्म नाही, बाई. आम्ही चुकांचा अभ्यास करतो.”

“इतक्या वर्षांत तुमची एकही नाही?”

“रचनाच तशी आहे.” मग ते जरा पुढे वाकले. “एक वाट आहे. मूळ चूक बनावट होती असं तुम्ही लिहून द्यायचं. पण मग तुमच्या सहीच्या सगळ्याच चुकांची चौकशी लागेल. आठ महिने राहिलेत तुमचे. कशाला ओढवून घेता? पाहणी होऊ द्या, मग मी बघतो. पंचेचाळीस दिवसांत मार्गी लागेल.”

“माणसं पाणी वाहतायत साहेब. माझे दीर अंथरुणात आहेत.”

“टँकर पाठवतो.”

“टँकर त्या गल्लीत वळत नाही.”

साहेबांनी डायरी उघडून लिहून घेतलं: टँकर वळत नाही. बाई ते अक्षर बघत राहिल्या. त्या तीन शनिवारी वहीतून उतरवून घेताना असायचं, तसंच होतं, गोल, समजूतदार.

शनिवारी चार वाजता सभागृह भरलं. जुन्या ऑफिसातले सगळे बोलावलेले होते. कादंबरीकार तिसऱ्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात. चावीवाला मागच्या भिंतीला टेकून, दारातून सायकल दिसेल असा, कारण सायकलवर चावी होती आणि फाटकावरचा रखवालदार त्याला भरवशाचा वाटत नव्हता. पडद्यावर तीन नियम झळकत होते, फक्त आता ते नऊ झाले होते. बाईंना फुलांचा गुच्छ मिळाला. दोन शब्द बोला, म्हणाले.

बाईंनी गुच्छ खुर्चीवर ठेवला.

“आज शनिवार आहे, तर माझी चूक सांगते. मी बारा चुकांच्या कागदावर न वाचता सही केली. त्यातल्या अकरा घडलेल्या नाहीत. बारावीही घडलेली नव्हती, पण इथून ती दुरुस्त झाली आणि एक्केचाळीस घरांचं पाणी सहा दिवस बंद आहे. पुढच्या वेळी हे कसं पकडायचं, तर सही करणाऱ्याने वाचावं आणि दुरुस्त करणाऱ्याने जागेवर जावं. माझं झालं.”

सभागृहात कोणाची खुर्ची करकरली. मग कादंबरीकार उठला. हाताची घडी, जणू शाळेत उभं केलंय. “ती बारावी मी लिहिली. नियमाप्रमाणे ज्याने त्याने आपली सांगायची, म्हणून सांगतो.”

आणि टाळ्या सुरू झाल्या.

बाईंना आधी कळेचना, या कशाच्या. पाहणीला आलेले मुख्य पाहुणे उभे राहून वाजवत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. असा जिवंत प्रामाणिकपणा त्यांनी कुठल्याच खात्यात पाहिला नव्हता, असं त्यांनी माइकवर सांगितलं. मग एकाने विचारलं, ही चूक या महिन्याच्या बारांत धरायची की पुढच्या? दुसऱ्याने सुचवलं, बनावट चुका ओळखायला स्वतंत्र पडताळणी कक्ष हवा. संचालकसाहेबांनी डायरी काढली. किती पदं लागतील याचा आकडा, बाईंना लांबूनही दिसला, सातपासून सुरू झाला.

बाई साहेबांच्या खुर्चीपाशी गेल्या. “आदेश आज रद्द होईल?”

“प्रक्रिया सुरू झाली समजा, बाई. केवढी मोठी गोष्ट केलीत तुम्ही.”

“पाणी आज येईल का, एवढंच विचारतेय.”

साहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

बाई पायऱ्या उतरून मागच्या भिंतीपर्यंत आल्या. “चल,” त्या चावीवाल्याला म्हणाल्या.

छापखान्याच्या कोपऱ्यावर ते पोचले तेव्हा सहा वाजायला आले होते. चावीवाल्याने झाकण उचललं, पण चावी आत घातली नाही, उभाच राहिला. बाईंच्या हातात कार्यक्रमपत्रिका होती. ती भिंतीवर पालथी धरून त्यांनी सवयीने कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत कानामागे खोचली.

“पेन दे.”

त्यांनी लिहिलं: छापखान्यामागच्या गल्लीचा खालच्या टाकीचा व्हॉल्व्ह रोज संध्याकाळी उघडावा, जबाबदारी माझी. खाली सही केली, पद घातलं. एकदाच वाचलं.

चावीवाल्याने कागद लांब धरून वाचला. “पद काय लिहिलंत हे? जोडणी-खिडकी?”

“तेच आहे माझं.”

“तुम्हाला अधिकार आहे का याचा?”

“नाही.”

त्याने थोडा विचार केला. मग कागदाची चौघडी करून वरच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि चावी आत सोडली. अकरा फेरे. बाईंनी मोजले.

धाकटी जाऊ दारात उभी होती. दोघी आत आल्या. पलीकडच्या खोलीतून दिरांनी विचारलं, कोण आलंय, तर जाऊ म्हणाली, “सरकार.” मोरीतल्या नळाने आधी नुसती हवा टाकली, मग खोकला, मग चहासारखं तांबूस पाणी आलं.

“गढूळ आहे,” जाऊ म्हणाली.

“सहा दिवस नळी कोरडी होती. वाहू दे जरा.”

“सहा दिवस चौकातून आणलं आणि आता वाहू देऊ? ठेवा, लादी पुसायला होईल.” तिने पहिली बादली बाजूला सरकवली, दुसरी लावली आणि तिसरी रिकामी बादली बाईंसमोर पालथी घातली. “बसा. उभ्या काय राहिलात.”

बाई बसल्या. पिशवीत फोन थरथरत होता. संचालनालयाचाच असणार, त्यांनी तो काढून बघितला नाही. दुसरी बादली अर्धी भरली तोवर धार हळूहळू निवळत आली, आणि बादलीचा निळा तळ दिसू लागला.

“मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, ताई,” जाऊ नळाकडे बघत म्हणाली.

तिसरा नियम घरात कधीच लागू नव्हता.